सासूबाईंचा तारा

आमच्या सरांनी दहा वर्षांपूर्वी एका कोवळ्या तारकापुंजात सगळ्यात मोठा तारा शोधला, त्याला आपल्या सासूबाईंचं नाव दिलं आणि तेवढ्यावर विभागप्रमुख झाले. यंदा दुर्बिणीला नवा आरसा बसला. हवा थरथरली की हा सेकंदाला हजार वेळा आकार बदलतो आणि चित्र स्थिर करतो. आज सकाळी मी त्याच पुंजाचं चित्र उघडलं, तर सासूबाईंच्या जागी अकरा किरकोळ तारे दाटीवाटीने बसलेले.

"आरसा बिघडलाय," सर म्हणाले.

"बाकीचे तारे नीट दिसतायत, सर."

"मग बाकीच्यांपुरता चालू ठेव. तुझ्या प्रबंधावर सही माझी लागते, विसरू नकोस."

नेमका आज सासूबाईंचा वाढदिवस. दरवर्षीप्रमाणे त्या आपला तारा बघायला आल्या. त्यांनी पडद्यासमोर चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"चष्मा लावला की अकरा दिसतात, काढला की एकच," त्या म्हणाल्या. "जावईबापू, तुम्ही चष्मा न लावताच शोध लावलात होय?"

सासूबाईंनी टेबलावर सहीसाठी ठेवलेला माझा प्रबंध सरांपुढे सरकवला. सही हवेपेक्षा जास्त थरथरली, पण झाली.