मिस ऑर्लीनची सही

आयोनी जमैकाहून केमन बेटावर आली, त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. दोन मुली आईपाशी ठेवून ती मिस ऑर्लीन इबँक्सना सांभाळायला आली होती. तिथे लग्न झालेल्या वडीलधाऱ्या बाईलाही मानानं 'मिस'च म्हणतात. मिस ऑर्लीन ऐंशीच्या पुढच्या, घरात एकट्या. रात्रीतून चार-चारदा उठायच्या, वारलेल्या नवऱ्याची बोट आली म्हणून दार उघडायला जायच्या. त्यांना धरून परत आणताना आयोनीची कंबर कामातून गेली.

चर्चमध्ये ओळख झालेल्या मिस जोएलाची बेकरी होती. "माझ्याकडे ये," ती म्हणाली. "दुपारी दोनला मोकळी. रविवार तुझा. पण दोन आठवड्यांच्या वर मी थांबणार नाही हं."

अडचण एकच होती. आयोनीचा कामाचा परवाना मिस ऑर्लीनच्या नावावर. 'हिला मी सोडते' असं त्यांनी लिहून दिल्याशिवाय तो बेकरीच्या नावावर होणार नव्हता. तिने अमेरिकेत टँपाला राहणाऱ्या त्यांच्या मुलाला, कार्लनला, फोन केला.

"बघू," तो म्हणाला. "ख्रिसमसला येतो, तेव्हा बोलू."

ख्रिसमसला अजून पाच महिने होते. शेवटी आयोनीने स्वतःच सोडल्याचं पत्र लिहून काढलं आणि बऱ्या दिवसाची वाट पाहिली. एका सकाळी मिस ऑर्लीन मासा आणि नीरफणस चवीनं खात होत्या, तिला नावानं हाक मारत होत्या. पत्र हातात घेऊन ती जवळ जाऊन बसली.

"मिस ऑर्लीन, मला दुसरीकडे काम मिळतंय. मी जाऊ?"

"जा की! म्हातारीपाशी किती दिवस सडशील? आण तो कागद."

त्यांनी हळूहळू, जीभ बाहेर काढून सही केली. आयोनीने कागद न बघताच घडी घालून पर्समध्ये टाकला. पाच मिनिटांनी मिस ऑर्लीन म्हणाल्या, "आणि उद्या बाजारातून केळी आण, विसरू नको." आयोनीचा हात पर्सकडे गेला. पण कागद तिने बाहेर काढला नाही.

परवान्यांच्या कचेरीतल्या बाईने चष्मा वर सरकवला. "परवान्यावर ऑर्लीन इबँक्स आहे. इथे सही ऑर्लीन टॅटम."

"ते त्यांचं माहेरचं नाव."

"लग्नाला किती वर्षं झाली त्यांच्या?"

"साठ तरी."

बाईने पत्र फाइलीत ठेवलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, "मला त्यांच्या मुलाला कळवावं लागेल, बाई. माझा नाइलाज आहे."

दोन दिवसांनी कार्लन दारात उभा. "माझ्या आईला आज वार कुठला ते कळत नाही, आणि तू तिच्या सह्या घेतेस?"

"मी विचारलं होतं. त्या हो म्हणाल्या."

"काल फोनवर ती मला बाबा म्हणाली!"

"मला तर त्या रोज वेगळ्याच कुणाच्या नावानं हाक मारतात," आयोनी म्हणाली. "मी 'ओ' देते."

तो वरमला, पण क्षणभरच. "पोलिसांत जात नाही, एवढं समज. परवाना मात्र रद्द."

आयोनीने मिस जोएलाला फोन लावला. "मला त्या भानगडीत ओढू नकोस गं," मिस जोएला म्हणाली. तिने होंडुरासची एक बाई आधीच बोलावून घेतली होती. आयोनीला तिचा रागही आला नाही. खरं तर त्या सकाळी आपण मिस ऑर्लीनना फसवलं की नाही, हे तिचं तिलाच ठरवता येईना.

जमैकाला परत जायच्या दिवशी तिने मिस ऑर्लीनना अंघोळ घातली, केस विंचरले. मग कार्लनसाठी कागदावर लिहून ठेवलं: गोळ्या लापशीत चुरून द्यायच्या, डाव्या कुशीवर निजवायचं नाही, बोटीचं विचारलं तर वारा पडलाय, उद्या येईल म्हणायचं. कार्लनने तो कागद उभ्याउभ्या वाचला, पुन्हा वाचला. मग घडी घालून खिशात ठेवला.

टॅक्सीवाला बॅग डिकीत ठेवत होता. मिस ऑर्लीन घराच्या खिडकीशी आल्या.

"ती बाई कोण रे चाललीय?"

"आयोनी, आई."

"अशी उपाशीच? तिला म्हणावं, जेवून जा."

आयोनीला ते ऐकू आलं. ती मागे न बघता टॅक्सीत बसली आणि तिने दार ओढून घेतलं.