आठ पिंपांमधून रिव्हर्स

"आडवी!" भोंगा ओरडली. "आई, चौथीपण आडवी!"

प्लास्टिकची बादली गडगडत भिंतीपाशी जाऊन थांबली. आई ऑफिसात असते तसल्या चाकांच्या खुर्चीत बसून, पायांनी फरशी लोटत, इमारतीच्या अंगणात उलटी येत होती. दोन्ही बाजूंना चार-चार बादल्या पालथ्या मांडल्या होत्या. म्हणजे मघापर्यंत होत्या.

पंधरा वर्षांच्या त्या मुलीला घरात कुणी नावाने हाकच मारत नसे. तिच्या आवाजाला भोंगा याखेरीज दुसरं काही शोभलंच नसतं. आईला परीक्षेत पास करून दाखवायचंच, असा विडा तिने उचलला होता.

आई बसमध्ये कंडक्टर होती. अकरा वर्षं तिने रस्ता ड्रायव्हरच्या खांद्यावरून पाहिला होता आणि आता तिला तो समोरून पाहायचा होता. ड्रायव्हरच्या परीक्षेसाठी डेपो तीनच संधी देई. त्यातल्या दोन झाल्या होत्या. दोन्ही वेळा सगळं सुरळीत पार पडलं आणि शेवटी, पत्र्याच्या आठ पिंपांच्या मधून बस मागे घेताना, एका पिंपाला धक्का लागला. तिसरी संधी तीन आठवड्यांवर आली होती. त्यानंतर अर्जच भरता येणार नव्हता.

म्हणून भोंगाने वेळापत्रक केलं होतं, सात रंगांचं. लाल रंगात रस्त्यावरच्या खुणा, निळ्यात इंजिनाचे भाग, हिरव्यात नियम, असं करत करत कोपऱ्यात, एक दिवसाआड, गुलाबी रंगात पंधरा मिनिटं पिंपं.

"आता काय आहे?" आईने घाम पुसत विचारलं.

"निळा."

"इंजिन मला झोपेतही येतं गं."

"पण निळा राहिला तर पुढचा पिवळा चुकतो!"

तळमजल्यावरच्या सलूनच्या दारातून बाबा बाहेर आले. हातात कंगवा, कानावर कात्री. आत एक गिऱ्हाईक अर्धं डोकं कापलेल्या अवस्थेत वाट बघत होतं.

"एक विचारू का? माणूस केस कापायला आला तर मी त्याचे बूट पुसत बसतो का?"

"बाबा, मध्ये बोलू नका. शास्त्रशुद्ध आहे हे."

"असेल. पण तुझी आई मान फिरवते, ते शास्त्रात कुठल्या रंगात बसतं?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आईने पुन्हा बादल्या मांडल्या आणि खुर्ची मागे लोटली. आणि खरंच, तिसऱ्या जोडीशी तिची मान गर्रकन मागे वळली, मानेबरोबर खांदा वळला, खांद्याबरोबर खुर्ची. बादली आडवी.

"कशाला बघतेस मागे?" भोंगाने विचारलं.

आई जरा ओशाळली. "माणसं बघते."

"कुठली माणसं?"

"मागची. कुणी उभं असतं, कुणी दारात लोंबकळतं. गाडी मागे जायला लागली की पडतात ना."

"खुर्चीवर?"

तिघंही हसत सुटली. गिऱ्हाईकसुद्धा आतून हसलं. पण हसता हसता भोंगाला सगळं लख्ख दिसलं. बस मागे जात असताना आईने अकरा वर्षांत एकदाही रस्ता पाहिला नव्हता. तिचं सगळं लक्ष माणसांवर असे.

"माझं दुकान आरशावर चालतं," बाबा म्हणाले. "मान हलली की कान गेला. दिवसातून चाळीस वेळा सांगतो मी हे."

भोंगाने वेळापत्रक फाडलं. दोन संध्याकाळी खपून केलेलं होतं ते, तेव्हा जिवावर आलंच. मग तिने फ्रिजवर एक कोरा कागद चिकटवला आणि त्यावर एकच शब्द लिहिला: आरसा.

बाबांनी मानेमागचे केस दाखवायचे दोन हातआरसे दिले. ते खुर्चीच्या हातांना करकचून बांधले. रोज संध्याकाळी तासभर, आई आरशात बघत मागे जाई आणि भोंगा तिच्या पाठीशी उभी राहून जीव तोडून घोळ घाले.

"ओ बाई, माझी पिशवी राहिली!"

"अहो, धक्का काय देता!"

"आई गं, पडले, पडले!"

मान वळली की ती आरोळी ठोके, "कान गेला!" पहिल्या दिवशी एकोणीस कान गेले.

"एवढ्या कानांत माझं दुकान बंद झालं असतं," बाबा म्हणाले.

बाकी सगळ्याला आईचं एकच उत्तर होतं. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा नियमांचं जाडजूड पुस्तक घेऊन आले. "परीक्षेनंतर." मावशीला पडदे शिवून हवे होते. "परीक्षेनंतर." शेवटी बाबांनी आमटीत मीठ आहे का विचारलं, त्यावरही ती आरशात बघत "परीक्षेनंतर" म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात रोजचे चार कान जात होते. तिसऱ्यात एकही नाही.

परीक्षेच्या सकाळी घरच्यांना डेपोच्या जाळीबाहेर उभं केलं होतं. बाबांनी भोंगाच्या हातात रुमाल दिला.

"ओरडावंसं वाटलं की हा तोंडात घाल."

परीक्षक गुणांचा कागद लावलेली फळी हातात घेऊन अगदी मागच्या सीटवर बसले. वळणं झाली, चढ झाला. मग बस पिंपांकडे पाठ करून उभी राहिली आणि हळूहळू मागे येऊ लागली. पहिली जोडी. दुसरी.

तिसऱ्या जोडीशी परीक्षक उठले. डावीकडचं पिंप नीट बघायला म्हणून ते मधल्या वाटेने, कशालाही न धरता, चालायला लागले.

भोंगाने रुमाल तोंडात कोंबला. सगळे घोळ घातले होते तिने, पण चालून कधी दाखवलं नव्हतं.

आईची मान हलली नाही. केसभरसुद्धा नाही. उघड्या खिडकीतून फक्त आवाज आला, जाळीपर्यंत खणखणीत:

"साहेब, गाडी चालू आहे! बसून घ्या, नाहीतर दांडी धरा!"

परीक्षक जिथे होते तिथेच मटकन बसले. बस सरकत सरकत आत आली आणि थांबली. आठही पिंपं जागच्या जागी होती.

पण कुणी उतरलं नाही. परीक्षकांनी फळीवर काहीतरी लिहिलं, ते काहीतरी बोलले. आईने मान डोलावली. मग बस पुन्हा सुरू झाली, पुढे गेली आणि पुन्हा पिंपांकडे पाठ करून उभी राहिली.

"पुन्हा का?" बाबांचा चेहरा पडला. "ओरडली म्हणून? साहेबाला कुणी असं ओरडतं का!"

भोंगा जाळीला नाक लावून बघत होती. बस मागे येत होती, मघापेक्षा सावकाश, अगदी ऐटीत. आईचे ओठ हलत होते. ती गुणगुणत होती. परीक्षकांनी फळी शेजारच्या सीटवर ठेवली होती. दोन्ही हातांनी पुढची दांडी घट्ट धरून ते सहलीला निघाल्यासारखे खिडकीबाहेर बघत होते.

"बाबा," तोंडातला रुमाल काढून ती म्हणाली, "मार्क देऊन झालेत. त्यांचं पेन खिशात आहे."