न दचकणारी मुअल्ला

मुअल्लाच्या धाकट्या बहिणीचा, सेनिहाचा, साखरपुडा झाला ते १९७१ साल. वडील हयात नव्हते, म्हणून फीत कापायचा मान मुअल्लाच्या कामावरच्या दुर्सुन उस्ताला, म्हणजे उस्तादाला, दिला. लाल फितीच्या एका टोकाची अंगठी मुलीच्या बोटात, दुसऱ्या टोकाची मुलाच्या, आणि मधली फीत वडीलधाऱ्यानं कापायची. उस्तानं कात्री घेतली, सगळ्यांकडे पाहून हसला आणि फितीपासून वीतभर बाजूला हवेतच ती चालवली.

लोक हसले. म्हातारा गंमत करतोय असं त्यांना वाटलं. दुसऱ्यांदा कात्रीचं टोक सेनिहाच्या करंगळीला लागता लागता राहिलं. तेव्हा मुअल्ला पुढे झाली.

"उस्ता, नवरी इकडे आहे. तिकडे कुणाचं लग्न लावताय?"

तिचा आवाज आला तसा म्हाताऱ्याचा हात वळला, बरोबर मधोमध आला आणि फीत कापली गेली. टाळ्या पडल्या. मुअल्लानंही वाजवल्या, पण तिची नजर उस्ताच्या हातावरून हटेना. कारण हाच दुर्सुन उस्ता गेली बारा वर्षं तिच्यावर बंदूक झाडत होता, आणि गोळ्या खऱ्या होत्या.

त्या काळात इस्तंबूलच्या बेयोलू भागातल्या मागच्या गल्ल्यांतून दहा-बारा दिवसांत एक सिनेमा निघायचा. मारामारी, खून, दागिन्यांची चोरी. नकली काडतुसं मिळायची नाहीत आणि सहज फुटणारी खोटी काच परवडायची नाही. मग काळ्या समुद्राकडचा एखादा शिकारी आठ पावलांवर उभा राहायचा आणि नटीच्या हातातली बाटली, नाहीतर कानाजवळचा आरसा खरोखरच उडवायचा. फिल्म महाग, म्हणून तेही एकदाच.

मुअल्ला आधी तंबाखूच्या गोदामात पानं निवडायची. एकोणिसाव्या वर्षी सिनेमाच्या गर्दीत उभी राहायला गेली आणि तिच्या शेजारचा आरसा उस्ताच्या गोळीनं फुटला. बाकीच्या पोरी किंचाळल्या. ही नुसती उभी राहिली. खरं तर भीतीनं तिचे पाय जमिनीला खिळले होते, पण दिग्दर्शकाला ते धाडस वाटलं. तिथून तिचं नशीब उघडलं. बारा वर्षांत एकशे चाळीस सिनेमे. कधी टोळीवाल्याची बाई, कधी जुगारअड्ड्याची मालकीण. त्यांतल्या ब्याण्णवांत ती मेली. कपडे तिचे स्वतःचे असायचे. कोल्ह्याच्या कातड्याची एक कॉलर तर तिच्याबरोबर अकरा वेळा मेली. आवाज मात्र दुसऱ्या बाईचा, कारण चित्रीकरण मुकं व्हायचं आणि संवाद मागून भरायचे. बाजारातला मासेवाला विचारायचा, "ताई, घसा बसलाय का? सिनेमात किती गोड बोलता."

तिच्याहून देखण्या शंभर मिळतील, न दचकणारी एकच, असं निर्माते म्हणायचे. तिच्या पोटाला आधार होता तो एवढाच. ती दर वेळी मनातून थरथरते हे फक्त उस्ताला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता, "घाबरायला हरकत नाही, पोरी. हलायचं नाही."

गेल्या हिवाळ्यापासून तो आणखी एक सांगायला लागला होता. "बोलत राहा. तू बोललीस की माझा हात स्थिर राहतो." सिनेमा मुका, मग काय बोललं याला कोण विचारतो? ती कधी भरल्या वांग्यांची कृती सांगायची, कधी शेजारणींचं भांडण. आपलं मन रमावं म्हणून म्हातारा हे करतो असं तिला वाटे. साखरपुड्याच्या दिवशी तिला कळलं की तो आवाजावर नेम धरत होता.

मंगळवारी काराकोयच्या दोरखंडाच्या वखारीत चित्रीकरण होतं. सकाळी उस्ता एका पेटीवर बसून बंदूक पुसत होता. मुअल्लानं मुद्दाम न बोलता त्याच्यासमोर तीन बोटं धरली. तो नळीवरून फडकं फिरवतच राहिला.

"उस्ता, किती बोटं?"

त्याचा हात थांबला. "अत्तर लावून आलीस म्हणून तू समोर आहेस एवढं कळलं होतं," तो म्हणाला. "बोटांना अत्तर लावलं असतंस तर तेही सांगितलं असतं."

"थट्टा नको. केव्हापासून?"

"उजवा डोळा गेल्या शरदात गेला. डाव्यानं कडेकडेचं दिसतं. तू पांढरी दिसतेस, भिंत काळी दिसते. तोंड कुठे ते तू सांगतेस, हात कुठे ते मी हिशेबानं काढतो. आजवर चुकलोय का?"

"आजवर मला माहीत नव्हतं."

"मग आजही माहीत नाही असं समज," तो म्हणाला, आणि मग हळू आवाजात, "पोरी, घरी बसलो तर मी नुसता एक आंधळा म्हातारा."

तिनं मान हलवली. ती त्याला दिसली नसणार, म्हणून तोंडानं "बरं" म्हणाली.

दिग्दर्शक नेजात बेय, म्हणजे नेजातसाहेब, आला. दक्षिणेकडच्या अदाना शहरातल्या वितरकाची तार त्याच्या हातात होती: रक्त वाढवा, गाणी कमी करा. तो कुणाशी धड बोलत नसे, फक्त घाई करी. मुअल्लाला भिंतीशी उभं केलं, उजव्या हातात राकी दारूची बाटली दिली. कॅमेरा घरघरायला लागला.

मुअल्ला बोलू लागली. "सेनिहाच्या सासूनं परवा बकलावा आणला, उस्ता, पाकात बुडालेला, वर पिस्ते मोजून चार..." आवाज कापू नये म्हणून ती दातांवर दात न टेकवता बोलत होती. तिला नळीचं तोंड दिसत होतं. ते किंचित डावीकडे गेलं, परत आलं. "...आणि म्हणते कशी, आमच्या घरी गोड कमीच खातात..."

बार झाला. बाटली हातात उरली, वरची मान तेवढी उडाली. काचेचा एक कण तिच्या अंगठ्यात रुतला. बाटलीचं पोट फोडायचं ठरलं होतं. गोळी पाच बोटं वर गेली होती, आणि तिचा चेहरा तिथून फार लांब नव्हता.

नेजात बेय मात्र खूश झाला. "मान उडवली. वा, उस्ता, हे तर आणखी झकास." तो दोन पावलं मागे गेला, डोळे बारीक केले. "आता एक नवीन. मुअल्ला सिगारेट तोंडात धरेल, उस्ता ती ओठांवरून उडवेल. अदानावाले वेडे होतील."

कुणीतरी सिगारेट पेटवून तिच्या ओठांत दिली. ती भिंतीला पाठ लावून, तोंड बाजूला वळवून उभी राहिली. बारा वर्षांच्या सवयीनं शरीर आपोआप ताठ झालं. मग तिच्या ध्यानात आलं की सिगारेट तोंडात धरून बोलता येत नाही.

उस्ताच्याही ध्यानात आलं. त्यानं बंदूक खांद्याला लावली आणि वाट पाहिली. वखारीत कॅमेऱ्याच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. तो कान देऊन उभा होता हे तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. आता तो म्हणेल, जमणार नाही, असं तिला वाटलं. तो म्हणाला नाही. नळी हळूहळू वर आली, तिच्या गालापाशी थांबली, पुढे सरकली, पुन्हा गालाकडे आली. सिगारेटची राख तिच्या छातीवर पडली. आपण हललो तर काम गेलं, आणि नाही हललो तर डोकं.

तिनं हात वर केला, सिगारेट काढली आणि भिंतीपासून बाजूला झाली.

"कॅमेरा बंद करा. उस्ताला दिसत नाही."

नेजात बेय तिच्याकडे बघत राहिला. "काय म्हणालीस?"

"डोळे गेलेत त्यांचे. माझ्या आवाजावर झाडतात."

"घाबरलीस तर तसं सांग, मुअल्ला. म्हाताऱ्यावर कशाला ढकलतेस?"

सगळे उस्ताकडे बघत होते. त्यानं बंदूक उतरवली, काडतूस काढून खिशात टाकलं. मग खिशातून फडकं काढून नळी पुसायला घेतली, पण चुकून लाकडी दस्ताच पुसत राहिला, आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

"पोरी," तो तिच्या दिशेनं म्हणाला, "हे मला सांगायचंस."

"सकाळी विचारलं होतं, उस्ता."

"मला विचारलंस. सांगितलंस मात्र यांना." त्यानं टोपी चाचपून घेतली आणि भिंतीला हात लावत दाराबाहेर गेला. त्याला हात द्यायला ती पुढे झाली, पण त्यानं पावलांचा आवाज ओळखला आणि कोपर आत घेतलं.

मुअल्ला दचकली ही बातमी आठवड्याभरात निर्मात्यांच्या सगळ्या कचेऱ्यांत पोचली. चार महिने तिला कुणी बोलावलं नाही. मग आईच्या भूमिका मिळू लागल्या. पुढच्या चाळीस सिनेमांत ती गोळीनं नाही, क्षयानं मेली. त्या आरामाच्या पलंगावर पडूनही बंदुकीचा बार कुठे झाला की तिचा गाल आधी गार पडायचा.

दुर्सुन उस्ता काळ्या समुद्राकाठी ओर्दूजवळच्या गावी मुलीकडे राहायला गेला. मुअल्लानं दोन ईदना मिठाई पाठवली. पहिली परत आली, दुसरी आली नाही. तो १९७३ च्या फेब्रुवारीत न्यूमोनियानं वारला. मुअल्ला १९९८ च्या ऑक्टोबरात इस्तंबूलला वारली.