तिसरा पेढा

टिक्यानं पेढा खाल्ला आणि गोळी तेवढी फरशीवर ठेवली.

ठेवली असंच म्हणायला हवं. त्यानं खवा चाटूनपुसून घेतला, ओठ एका बाजूनं उचलला आणि तुरीच्या डाळीएवढी पांढरी गोळी माझ्या पायापाशी सोडली. मग माझ्याकडं बघत बसला.

मी अंगणात बाजेवर बसले होते. हातात वाटी होती. हर्षाली, माझी सून, रोज सकाळी त्या वाटीत खव्याचे तीन छोटे पेढे वळून आणायची. मी तिन्ही खाईपर्यंत समोर उभी राहायची. त्या दिवशी दूध उतू गेलं म्हणून ती आत पळाली. मी पहिला पेढा खाल्ला होता. टिक्यानं बाजेवर पाय ठेवला आणि मान वाकडी केली, म्हणून दुसरा त्याला टाकला.

मला वाटलं, कुत्र्याचं औषध चुकून माझ्या वाटीत आलं.

"हर्षाली," मी हाक मारली, "टिक्याला कशाची गोळी चालू हाय गं?"

"टिक्याला? न्हाय की आत्या. ठणठणीत हाय ते," ती आतून म्हणाली.

मग ती फडकं हातात घेऊनच बाहेर आली. तिनं फरशीवरची गोळी पाहिली, वाटीतला उरलेला एक पेढा पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. तिचं तोंड पाहिलं आणि मला कळलं. वाटी हातातून कशी सुटली ते आठवत नाही. ती फरशीवर गरगरत राहिली, आणि ती थांबेपर्यंत आम्ही दोघीही तिच्याकडंच बघत होतो.

पेढ्यात गोळी घालायची कशी, हे तिला मीच शिकवलं होतं.

आणि मला शिकवलं होतं आमच्या ह्यांनी. हे गुरांच्या दवाखान्यात परिचर होते. तीस वर्षं एकाच दवाखान्यात काढली. म्हशीला, बैलाला डॉक्टर असायचे. पण कुत्र्यामांजरांना औषध पाजायचं म्हटलं की सगळं ईट गाव आमच्या दारात. मांजराला हे उपरण्यात गुंडाळायचे. चारी पाय आत, तोंड तेवढं बाहेर. जबड्याच्या कोपऱ्यात बोट घालून गोळी पार मागं सरकवायची आणि नाकावर हळूच फुंकर मारायची. मांजर गटकन गिळायचं. शेजारची शिवम्मा तिचं मांजर घेऊन यायची आणि म्हणायची, "हरिबा, औषध देताय का बारसं करताय?"

कुत्र्याला मात्र हे कधी दाबून धरायचे नाहीत. गल्लीच्या टोकाला खव्याची भट्टी होती. तिथून चिमूटभर खवा आणायचे आणि तीन पेढे वळायचे. मधल्यात गोळी.

"पयला भरवशाचा," हे मला सांगायचे, "दुसरा कामाचा, तिसरा माफीचा."

"कुत्र्याला कसली माफी?" मी हसायचे.

"फसवलं न्हवं आपन त्याला? मग? तिसरा न्हाय दिला तर उद्या त्यो हाताला येत न्हाय."

पाच वर्षांपूर्वी हर्षाली लग्न होऊन आली, तेव्हा टिक्या पिल्लू होता. पोटात जंत झाले होते त्याच्या. ती कुत्र्याला भ्यायची. मी तिला जवळ बसवून तीन पेढे वळून दाखवले. हे जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्यांचेच शब्द मी तिला सांगितले. पोरगी लक्ष देऊन ऐकत होती. इतकं लक्ष देऊन ऐकत असेल असं वाटलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी मला चक्कर आली. महारुद्र, माझा मुलगा, मला धाराशिवला घेऊन गेला. डॉक्टरांनी प्रेशरची गोळी लिहून दिली आणि म्हणाले, आता जन्मभर घ्यायची. मी घरी आल्यावरच सांगितलं, म्या काय आजारी न्हाय. ह्यांच्या गोळ्या एकाच्या दोन, दोनाच्या सात झाल्या होत्या. शेवटी बाजेखाली खोकी आणि बाजेवर हाडं. ते सगळं मी पाहिलं होतं. हर्षाली गोळी हातात द्यायची, मी गालात धरायचे, ती वळली की काढून उशीच्या अभ्र्यात. एकदा तिनं अभ्रा धुवायला काढला आणि सगळ्या गोळ्या न्हाणीत सांडल्या. दुसऱ्या दिवसापासून पेढे सुरू झाले.

आणि मी शिवम्माला सांगत सुटले होते, माझी सून मला रोज पेढे वळून देती.

"कवापासनं?" मी विचारलं.

"दिवाळीपासनं."

"महारुद्रला ठावं हाय?"

तिनं होकाराची मान हलवली.

"म्हंजे समद्यांस्नी ठावं. ह्या कुत्र्यालाबी कळलं. येडी एक म्याच."

"तुमी ऐकत न्हवता, आत्या." ती म्हणाली. "डाक्टर म्हनले, गोळी चुकली तर अंगावरनं वारं जाईल. म्या काय करायचं व्हतं मग? उपरन्यात गुंडाळायचं व्हतं का तुमाला?"

एरवी मी हसले असते. त्या दिवशी मी उठून आत गेले.

दुपारी मी तिच्या हातचं जेवले नाही. महारुद्र शेतातून आला, दारात उभा राहून "आई, जेव की" म्हणाला आणि मी तोंड फिरवलं म्हणून निघून गेला. मनात एकच होतं. चार महिने ज्या हातातून गोड म्हणून खाल्लं, त्या हातचं आता कधी निवांत खाता येणार नाही. पाण्याचा तांब्या दिला तरी मी त्यात बघणार. या घरात उरलेले दिवस असेच काढायचे?

मी स्वतःच भाकरी थापली. भाकरी चिरली. चुलीपाशी बसून तुकडा मोडला. टिक्या आला, म्हणून त्याच्यापुढं धरला.

त्यानं आधी हुंगला.

पाच वर्षांत त्यानं माझ्या हातचं कधी हुंगलं नव्हतं. म्हटलं, तुझाबी भरवसा गेला का रे? आज तुला तिसरा मिळाला न्हाय.

आणि ते बोलता बोलता तुकडा माझ्या हातातच राहिला.

शेवटच्या थंडीत ह्यांनीही गोळ्या सोडल्या होत्या. आता बास, म्हणायचे. तोंड मिटून घ्यायचे. महारुद्र रागवायचा, मी रडायचे. मग एक दिवस मी भट्टीवरून खवा आणला. महिनाभर मी त्यांना रोज तीन पेढे भरवले, मधल्यात गोळी. हे मी कुणाला सांगितलं नाही, शिवम्मालासुद्धा नाही. ज्यांनी शिकवलं त्यांनाच फसवलं, ही बोच सहा वर्षं माझ्या पोटात होती.

एका सकाळी खवा कमी पडला. दोनच पेढे झाले. ह्यांनी दोन्ही खाल्ले आणि हात पुढं केला.

"तिसरा?"

"लई हावरट झालाव तुमी," मी म्हणाले होते.

त्यांनी हात मागं घेतला नाही. बोलण्याची ताकद नव्हती, पण हात तसाच धरून माझ्याकडं बघत राहिले. शेवटी मी शिवम्माकडून चिमूटभर खवा आणला, वळला आणि तळहातावर ठेवला. तो त्यांनी सावकाश खाल्ला. त्यानंतर रोज ते स्वतःच हात पुढं करायचे. मला वाटायचं, म्हातारपणी गोडाची वासना वाढली.

तीस वर्षं ज्यानं ते पेढे वळले, त्याच्या जिभेला मधली गोळी कळली नसेल?

चूल विझेपर्यंत मी तिथंच बसून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षाली आली तेव्हा हातात वाटी नव्हती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या तळहातावर उघडी गोळी. डोळे सुजलेले होते.

"घ्या, आत्या. आता लपवत न्हाय. न्हाय घेतली तर म्या तुमच्या डोळ्यांदेखत फेकून देती."

"पेढे कुठं हायत?"

"न्हाय वळले."

"वळ."

ती मग आत गेली. पातेल्याचा आवाज आला. वाटी घेऊन आली आणि नेहमीच्या जागी उभी राहिली.

मी पहिला खाल्ला. दुसऱ्यात गोळी दाताला लागली. कडू चव जिभेवर पसरली. इतके दिवस ती कशी कळली नव्हती, कोण जाणे. मी ती खव्यासकट गिळली.

मग हात पुढं केला.

"तिसरा?" मी म्हणाले.

हर्षालीनं पेढा माझ्या तळहातावर ठेवला. तिची बोटं तिथून लवकर निघाली नाहीत.

मी तो अर्धा केला. अर्धा तोंडात टाकला, अर्धा खाली वाकून टिक्यासमोर धरला.

त्यानं हुंगला नाही.