रक्ताच्या पिशवीतलं चिमूटभर आम्ल

मित्रांनो, मी एक चिमूटभर सायट्रिक आम्ल आहे. वाण्याकडे तुम्ही मला लिंबूफूल म्हणता, पण लिंबाशी माझा काडीचाही संबंध नाही. कारखान्याच्या टाकीत, उसाच्या मळीवर वाढलेल्या काळ्या बुरशीने मला जन्म दिला. माझी भावंडं खोकल्याच्या औषधात गेली, पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत गेली. माझ्या वाट्याला रक्ताची पिशवी आली.

तिथे मी, दोन-चार क्षार आणि थोडी साखर मिळून आम्ही रक्त साकळू देत नाही. आमचं नाव कुणी घेत नाही, तरी काम चालू असतं. पालीच्या शिबिरात एका एसटी कंडक्टरने दिलेलं दुर्मीळ गटाचं रक्त माझ्यात मिसळलं. रत्नागिरीच्या रक्तपेढीत अठरा दिवस मी ते राखलं. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

एकोणिसाव्या दिवशी बुरोंडीचे धोंडूकाका आले. त्यांची लेक योगिनी दापोलीच्या एका दवाखान्यात बाळंतपणासाठी होती. अंगात रक्त कमी आणि तिचा गट तिकडे कुठे मिळेना. रक्तपेढीतल्या बाईंनी पिशवी थंड पाकिटांबरोबर थर्मोकोलच्या डब्यात ठेवली, वर चिकटपट्टी लावली. "डबा उघडू नका," एवढंच म्हणाल्या.

मे महिन्याचं ऊन, हायवेचं काम, गाड्यांची रांग. सावर्ड्याला काकांनी डब्याला हात लावला. तो तापला होता. ते बाजारातून बर्फ आणि मीठ घेऊन आले.

"काका, त्या बाईनं उघडू नका सांगितलंन ना?" गाडी चालवणारा विनोद म्हणाला.

"अरे, तीस वरसं मासळी टिकवतंय मी. बर्फात नाय घातलं तर नासंल ना!"

किती मायेने त्यांनी तो बर्फ फोडला! खाली बर्फ, वर बर्फ, मधे मीठ. मी ओरडलोही असतो, पण मला तोंड कुठे? साकळण्यापासून मी रक्ताला वाचवतो, बर्फापुढे माझं काही चालत नाही. मिठाने बर्फ आणखीच गार झाला, रक्ताचाच बर्फ होत गेला आणि एकेक रक्तपेशी माझ्या डोळ्यांदेखत फुटत गेली.

दवाखान्यात नम्रता सिस्टरने डबा उघडला तेव्हा पिशवी दगडासारखी कडक झाली होती. योगिनीला नुकतीच मुलगी झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. डॉक्टरांनी पिशवी हातात घेतली आणि खाली ठेवली. ती चढवता येणार नव्हती. दुसरी आणायला चार तास लागले असते. योगिनीला एक तासही मिळाला नाही.

बाहेरच्या बाकावरून काकांनी सिस्टरला विचारलं, "रक्त थंड रवलं होतं ना वो नीट?"

"हो काका," ती म्हणाली. मग आत येऊन तिने मला दवाखान्यातल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून रडली.

मित्रांनो, रक्ताला गारवा हवा, पण बर्फ लागता कामा नये. कुणाच्या हाती जीव सोपवाल तेव्हा नुसतं 'उघडू नका' म्हणून थांबू नका, का ते सांगा. धोंडूकाकांना ते कुणी सांगितलं नाही. आता मात्र कुणी सांगू नका.