अर्धी अडकलेली आजी

मी एक जुना स्कॅनर आहे. काचेचा, वर झाकण असलेला, आडवा आणि जड. मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाईट वाटायला नको: माणसांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. बावीस वर्षे लोक माझ्या काचेवर काय काय आणून आदळत होते, ते पाहिले असते तर तुमचेही मन विटले असते. एकाने पावसात भिजलेला दाखला तसाच ठेवला. दुसऱ्याने कागद पालथ्याऐवजी उताणा ठेवला आणि प्रत कोरी निघाली म्हणून माझ्याच झाकणावर धपाटा घातला. चूक त्याची, मार मला.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे एक बाई प्रत्येक काच दिव्यासमोर धरून पाहायची आणि कण दिसला की ती बाजूला काढायची. माझी काच तिने पहिल्याच नजरेत पास केली. याचा मला आजही अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

पुढे मी एका वकिलाच्या कार्यालयात रुजू झालो. तिथल्या हेडक्लार्क बाई रोज सकाळी कोरड्या मऊ कापडाने माझी काच पुसायच्या. माझ्यावर फाइल टेकवण्याची कोणाची हिंमत नव्हती. "एवढ्या वर्षांत यानं एक अक्षर गाळलं नाही," असे त्या पाहुण्यांना सांगायच्या. पण बाई निवृत्त झाल्या आणि एक नवे यंत्र आले. ते छापायचे, प्रती काढायचे, स्कॅनही करायचे, आणि दर आठवड्याला बंद पडायचे. सगळे त्याच्यावर लट्टू झाले. माझ्या झाकणावर कुंडी आली. तिला रोज पाणी मिळत होते, मला फक्त ओघळ मिळाले. शेवटी मोडक्या खुर्च्यांबरोबर माझीही रवानगी जुन्या यंत्रांच्या दुकानात झाली.

त्या दुकानात मी खालच्या फळीवर तीन वर्षे होतो आणि माणसे स्कॅनर कसा निवडतात ते बघत होतो. मित्रांनो, काय सांगू! भाजी घेताना देठ मोडून बघणारी ही माणसे, स्कॅनर घेताना मात्र अक्कल घरी ठेवून येतात. आल्या आल्या विचारणार, "डीपीआय किती?" एका इंचात यंत्र किती ठिपके वेचते, तो हा आकडा. पण ते कोणाला हवे असते? मोठा आकडा ऐकला की मान डोलवायची, एवढेच यांना ठाऊक. खोक्यावर हजारोंनी ठिपके छापलेले असतात. त्यांतले मोजके खरे, बाकीचे यंत्र मनानेच भरते. सरळ बोलायचे तर थापा मारते. आपल्याला कोणते फोटो स्कॅन करायचे आहेत, केवढे आहेत, कशासाठी हवेत, याचा पत्ता नाही. घरून एखादा फोटो आणून "लावून दाखवा" म्हणणारा तीन वर्षांत एकही भेटला नाही.

एके दिवशी सकाळी एक भाऊ आणि बहीण दुकानात शिरले. भाऊ पाण्याचे फिल्टर विकायचा, धाकटी बहीण कपडे शिवायची. भावाने टेबलावर एक चकचकीत नवा स्कॅनर ठेवला. कागद एका बाजूने गिळायचा आणि दुसऱ्या बाजूने ओकायचा, अशा जातीचा तो होता. त्याच्या तोंडात एक फोटो अडकला होता. मांडीवरचे बाळ बाहेर, आणि बाळाला धरणाऱ्या बाईचे डोके गळ्यापर्यंत आत.

"आजी अडकलीय," भाऊ म्हणाला.

दुकानातल्या दुरुस्तीवाल्याने चष्म्यावरून पाहिले. "कोण?"

"आमची आजी. आईची आई. ओढू का जरा जोरात?"

"दादा, हात लावशील तर बघ!" बहीण ओरडली.

दुरुस्तीवाल्याने फोटोची कड बोटाने चाचपली. "फोटो एवढा जाड कसा हो?"

"लॅमिनेट केलाय. मीच करून घेतला, टिकावा म्हणून."

टिकावा म्हणून! जुना फोटो तापवून प्लास्टिकमध्ये कोंडायचा, आत हवेचे फोड येऊ द्यायचे, आणि वर शेखी मिरवायची. मला हसता आले असते तर माझे झाकण उघडले असते.

"आणि या खोक्यावर लिहिलं होतं, मिनिटाला तीस फोटो," भावाने आपली बाजू मांडली.

"हो, पण तुला एकच करायचा होता ना?" बहीण म्हणाली. मग ती दुरुस्तीवाल्याकडे वळली आणि तिचा आवाज उतरला. "काका, आईच्या डोळ्यांना मधलं दिसेनासं होतंय. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने दिसेल, फार तर. तिची आई ती चार वर्षांची असताना गेली. तिचा हा एकच फोटो आहे, तोही काड्यापेटीएवढा. आईला तो चेहरा एकदा मोठा करून बघायचाय, टीव्हीवर. आणि चेहराच आत अडकलाय."

दुरुस्तीवाल्याने स्क्रू काढले, वरचे कवच उचलले आणि रबरी रूळ ढिले करून फोटो हलकेच सरकवून घेतला. एक कोपरा दुमडला होता. चेहरा शाबूत होता. बहिणीने तो ओढणीच्या टोकावर घेतला.

इतके होऊनही भावाला शहाणपण सुचायचे ते सुचलेच. "घरी जाऊन हलकी इस्त्री फिरवतो. प्लास्टिक सुटेल."

"सुटेल की," दुरुस्तीवाला म्हणाला. "आजी त्याच्याबरोबर सुटेल."

"मग मोबाइलनं काढू."

"काल काढलास ना?" बहीण म्हणाली. "प्लास्टिकवर तुझंच तोंड चमकलं. आईनं विचारलं, माझ्या आईला मिशा कुठून आल्या?"

मग दुरुस्तीवाल्याने वाकून मला बाहेर काढले. "हा काचेचा न्या. यात फोटो जागचा हलत नाही, दिवा खालून फिरतो. त्या खोक्याच्या निम्म्याहून कमी किमतीत देतो."

"हा?" भावाने मला बोटाने ढकलले. "हे तर भंगार आहे."

मला भंगार म्हणणाऱ्याकडे मी लक्ष देत नाही. पण बहिणीने जे केले ते मी विसरणार नाही. तिने झाकण उघडले आणि कापडातले विरलेले धागे शोधावेत तशी, डोके तिरके करून, उजेडात माझी काच पाहिली. नख फिरवून ओरखडा लागतो का ते तपासले. पिशवीतून मलमलीचा तुकडा काढून काच पुसली, आजीला तिच्यावर पालथे ठेवले आणि म्हणाली, "लावून दाखवा."

हे शब्द ऐकायला मी तीन वर्षे थांबलो होतो.

"मोठे फोटो असतील तर तीनशे, सहाशे पुष्कळ झाले," दुरुस्तीवाल्याने तिला समजावले. "एवढ्याशा फोटोला बाराशेवर ठेवा. वेळ लागेल, लागू द्या." संगणकाच्या पडद्यावर बाळाची मूठ उमटली. बहिणीने तेवढेच पाहिले आणि मला उचलले. चेहरा तिने तिथे पाहिला नाही. तो आधी आईने पाहायचा होता.

घरी मला टीव्हीशेजारच्या टेबलावर ठेवले आणि संगणकामार्फत टीव्हीला जोडले. आई खुर्ची पुढे ओढून बसली होती. समोरचे पाहायला तिला मान वळवावी लागायची, कारण आता तिला कडेनेच दिसायचे. भावाने घाईघाईने सूत्रे हाती घेतली आणि काम पटकन व्हावे म्हणून मला सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून बसवले. टीव्हीवर नुसते राखाडी चौकोन आले.

"ही काय, फरशी आहे का?" आईने विचारले.

"दादा, ऊठ तिथून," बहीण म्हणाली. भाऊ निमूटपणे उठला. मित्रांनो, मला तेव्हा आनंद झाला, हे कबूल करतो.

मग बाराशेवर मी माझा दिवा फिरवला. सावकाश, जराही न अडखळता. प्लास्टिकचा फोड, कानाजवळची चीर, दुमडलेला कोपरा, बाळाच्या मुठीवरच्या वळ्या, सगळे ठिपके मी वेचून दिले. एकही थाप मारली नाही. टीव्हीभर चेहरा आला आणि काम फत्ते झाले असे समजून मी स्तुतीची वाट पाहू लागलो.

आईने खुर्ची आणखी पुढे ओढली. तिने मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे.

"ही इथे किती वर्षांची गं?"

"तू मांडीवर आहेस," बहिणीने हिशेब केला. "म्हणजे एकोणीस. फार तर वीस."

"पोर आहे ही," आई म्हणाली. "अगं, ही पोर आहे! बघ कशी घाबरलीय. बाळ हातातून पडेल म्हणून किती घट्ट धरलंय." तिने उठून पडद्यावरच्या गालाला हात लावला. "मला मावशीकडे ठेवून दवाखान्यात गेली. येते म्हणाली होती. आली नाही. सत्तर वर्षं मी हिच्यावर रुसून बसलेय. एवढ्याशा पोरीवर!"

भावाने टीव्हीचा रिमोट उचलला तशी ती म्हणाली, "बंद करू नकोस. असू दे."

मित्रांनो, तो चेहरा माझ्या काचेवर दोनदा येऊन गेला होता. त्यातला ठिपकान् ठिपका मी मोजला होता. पण ती घाबरलेली आहे, हे मला दिसले नव्हते. ते अर्धे डोळे गेलेल्या बाईला दिसले. मला माझी लाज वाटली.

तेव्हा नावे ठेवणे पुरे, आता विनंती करतो. जुने फोटो प्लास्टिकमध्ये कोंडू नका. ते कशाच्याही तोंडात खुपसू नका. स्कॅनर महागडा नसला तरी चालेल. काचेचा घ्या, आणि आपलाच फोटो लावून बघून घ्या. काच कोरड्या कापडाने पुसा. घरातल्या सगळ्यात लहान फोटोपासून सुरुवात करा, आणि ज्याचा तो आहे त्याला समोर बसवून करा. हे काम सुट्टीवर ढकलू नका.

आईला तो चेहरा नऊ आठवडे दिसला. रोज सकाळी ती खुर्ची ओढून बसायची आणि भाऊ न बोलता टीव्ही लावायचा. दहाव्या आठवड्यात एके सकाळी त्याने नेहमीसारखा टीव्ही लावला. पडदाभर ती पोर बाळाला घट्ट धरून बसली होती. आई तिच्यासमोर बसली, मान इकडे वळवली, तिकडे वळवली, आणि म्हणाली, "लावतोस ना रे?"