फ्रेमच्या मापाचा फॅक्स

कंपनी चष्म्याच्या काचा बनवायची आणि तिच्या ऑर्डरी फॅक्सने येत. यात कोणाचा जुनाटपणा नव्हता. चष्मेवाला गिऱ्हाइकाचा नंबर कागदावर लिही, फ्रेममधली जुनी काच त्याच कागदावर ठेवून पेनने तिची कड गिरवी आणि कागद मशीनमध्ये सारी. इकडे कार्यशाळेत तो आकार कापून त्या मापाची काच घासली जाई. नंबर टेलिफोनवर सांगता येतो, आकार सांगता येत नाही.

मशीन पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी होतं आणि त्याच्या शेजारच्या टेबलाशी वहिनी बसत. ऑर्डरी वाचणं, काचा राखून ठेवणं, कागद खाली कार्यशाळेत पाठवणं हे त्यांचं काम. यजमान त्यांच्या आधी कंपनीत लागले होते, म्हणून त्या सगळ्यांच्या वहिनी झाल्या. नऊ वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात शाखा निघाली आणि यजमानांची तिकडे बदली झाली. वहिनी मागे राहिल्या, कारण मशीन मागे राहिलं. शनिवारी रात्रीच्या बसने एकाने जायचं किंवा दुसऱ्याने यायचं आणि सोमवारी पहाटे परत निघायचं, असा संसार चालला होता. मुलगी शिकायला बाहेर पडल्यावर तर दोन शहरांत दोन कुलपं आणि दोन शेगड्या एवढंच उरलं.

मालकांनी फॅक्स ई-मेलला जोडायचं ठरवलं, ते काही वहिनींसाठी नाही. मशीन एका वेळी एकच कागद घ्यायचं आणि लाइन लागत नाही म्हणून चष्मेवाले दुसरीकडे वळायला लागले होते. आता सॉफ्टवेअर सर्व्हरवर बसणार, टेलिफोनच्या चार लाइनी त्याला जोडणार, आलेला फॅक्स मेलला अटॅचमेंट होऊन पडणार, वहिनींनी पुढे धाडला की कार्यशाळा तो आपल्या प्रिंटरवर छापून घेणार आणि मेलवर दिलेलं उत्तर चष्मेवाल्याच्या मशीनमधून कागद होऊन निघणार. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते मेल मी शाखेत बसून उघडले तर?"

मालक माणूस सरळ होते, पण सावध. त्यांनी पंधरा दिवसांची मुदत घातली. तेवढ्या दिवसांत नव्या पद्धतीमुळे एकही काच परत आली नाही, तर वहिनींनी खुशाल जावं. आली, तर लाइन जुन्या मशीनला आणि वहिनी जुन्या टेबलाला.

बातमी जिना उतरून कार्यशाळेत पोचली. तिथल्या प्रमुखांना सगळे मिलिमीटर म्हणत, तोंडावरसुद्धा. "म्हणजे वहिनी आता उंटावरून शेळ्या हाकणार," ते म्हणाले.

"शेळ्या गुणी आहेत हो. एक बोकड तेवढा शिंगं मारतो," वहिनी म्हणाल्या.

सॉफ्टवेअर बसवायला आलेला तंत्रज्ञ पन्नाशीचा, संथ आणि स्वतःशी बोलणारा होता. दोन दिवसांत त्याने लाइनी जोडल्या आणि मशीनवर कापड टाकलं. पहिल्या दिवशी एकच गंमत झाली. मेलच्या तळाशी आपोआप उमटणारी ओळ कोणी काढली नव्हती, त्यामुळे गावोगावच्या मशीनमधून जे कागद निघाले त्यांवर ऑर्डर मिळाल्याचं कळवून खाली विनंती होती की कृपया कागद वाचवा, हा मेल छापू नका. एका चष्मेवाल्याने फोन करून विचारलं की छापून झालाय, आता काय परत गिळायचा? ती ओळ त्याच दुपारी गेली.

पहिला आठवडा नीट गेला. रात्री फोनवर यजमानांनी कळवलं की त्यांनी घराला रंग काढलाय. न विचारता रंग काढल्याबद्दल वहिनींनी त्यांना फैलावर घेतलं आणि मग बराच वेळ कपाट कुठल्या भिंतीला लावायचं यावर बोलत राहिल्या.

दुसऱ्या आठवड्यात बुधवारी एक खोकं आलं. दोन चष्मेवाल्यांनी मिळून सहा काचा परत पाठवल्या होत्या. नंबर बरोबर, पण काच फ्रेममध्ये बसत नव्हती, बोटाने ढकलली की खाली पडत होती. मिलिमीटरांनी कॅलिपर काढला, सहाही काचा कागदावरच्या आकारांशी ताडून पाहिल्या. काच आणि कागद तंतोतंत जुळत होते. तंत्रज्ञानेही सर्व्हर तपासला. फॅक्स जसे आले तसेच मेलमध्ये पडले होते. मालकांनी अटीचा विषय काढला नाही, ती सगळ्यांना आठवत होती. सोमवारी लाइन जुन्या मशीनला लावून द्या, एवढंच ते तंत्रज्ञाला म्हणाले.

त्या रात्री वहिनींनी फोनवर खोक्याविषयी चकार शब्द काढला नाही. कपाटाचा विषय निघाला तेव्हा बघू म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी त्यांनी काचा परत करणाऱ्या एका म्हाताऱ्या चष्मेवाल्याला फोन लावला आणि एक नाणं कागदावर ठेवून, कड गिरवून पाठवायला सांगितलं.

"नाण्यालाही चष्मा लागला का वहिनी?" ते म्हणाले.

"लागलाच आहे काका. जवळचं दिसत नाही त्याला."

पाच मिनिटांत मेल आला. वहिनी जिना उतरून कार्यशाळेत गेल्या, तिथल्याच प्रिंटरवर तो कागद छापून घेतला आणि तसंच एक नाणं वर्तुळावर ठेवलं. वर्तुळ दिसेनासं झालं, नाण्याखाली पुरतं झाकलं गेलं. मिलिमीटर दोन वेळा मोजून म्हणाले की वर्तुळ मिलिमीटरभर लहान आहे. एवढ्याशा नाण्यात इतकं, तर चष्म्याच्या काचेत दुप्पट.

"माझी काच कागदाबरहुकूम होती," ते म्हणाले. "कागदच खोटं बोलत होता."

घोडं कुठे पेंड खातंय ते आता तंत्रज्ञाला लगेच दिसलं. जुनं मशीन कागदाच्या कडेपर्यंत छापायचं. प्रिंटर चारही बाजूंना समास सोडतो, आणि छापताना एक क्लिक करायचं राहून गेलं, की समासात काही कापलं जाऊ नये म्हणून सगळं पान थोडं आवळून छापतो. पत्र असतं तर कोणाला कळलंही नसतं. त्याने ते सेटिंग काढलं आणि पान पुन्हा छापलं. या वेळी नाण्याच्या भोवती पेनची बारीक रेघ सगळीकडून सारखी दिसली. मग स्वतःशी पुटपुटत त्याने आणखी एक बंदोबस्त केला. वहिनींनी मंजूर केलेला फॅक्स सर्व्हरनेच खऱ्या मापात कार्यशाळेत छापायचा, कोणाच्या क्लिकवर काही ठेवायचं नाही.

तिघेही मालकांकडे गेले. मालकांनी नाणं दोन्ही कागदांवर ठेवून पाहिलं आणि म्हणाले, "सहा काचा परत आल्या. अट मोडली."

मिलिमीटर बोलले. "मोडली. पण वहिनी तेव्हा शाखेत नव्हत्या, इथेच वर बसल्या होत्या. तरी काचा आल्याच ना? मग त्यांना इथे बसवून आपण नक्की काय अडवतोय?"

मालकांनी नाणं टेबलावर दोनदा उलटं-सुलटं केलं. मग म्हणाले की सहा काचा नव्याने आजच पाठवा, आणि यापुढे प्रत्येक चष्मेवाल्याला कागदाच्या कोपऱ्यात नाणं गिरवायला सांगा. दाराशी गेलेल्या वहिनींना त्यांनी मागून विचारलं, "शाखेतलं टेबल कोणत्या बाजूला लावायला सांगू?"

"खिडकीच्या," वहिनी म्हणाल्या.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या शाखेत बसल्या. दोन दिवसांत शंभरावर ऑर्डरी त्यांनी तिथून वाचल्या. मंगळवारी संध्याकाळी दोघं बरोबर घरी आली, आणि हा वार एकत्र कसा काढायचा हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. रविवारला कामं ठरलेली असत. मंगळवार रिकामा होता. जेवताना वहिनींनी विचारलं की शाखेतल्या हिशेबनिसाचं आणि ड्रायव्हरचं काय बिनसलंय, दिवसभर एकमेकांशी बोलले नाहीत.

"मोठी गोष्ट आहे ती," यजमान म्हणाले. "शनिवारी सांगतो."

वहिनींनी हातातला घास तसाच धरून त्यांच्याकडे पाहिलं. यजमान हसले, पाणी प्यायले आणि सुरुवातीपासून सांगू लागले. गोष्ट तशी फार मोठी नव्हती, जेवण व्हायच्या आतच संपली. मग त्यांनी दुसरी काढली.